खालच्या कोर्टातल्या साक्षी

"तुमच्या मॅडमचा निकाल वरच्या कोर्टानं फिरवला बरं का!"

शेजारच्या कोर्टातल्या कारकुनाने ही बातमी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात दिली. मॅडमचा लघुलेखक तिथेच डबा खात बसला होता. न्यायाधीश मॅडमचा शब्द न् शब्द टाइप करता करता त्याचे केस पिकले होते, आणि त्यांचा एकही निकाल आजवर अपिलात फिरला नव्हता. ही गोष्ट तो लग्नकार्यातसुद्धा सांगायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी. त्याने डबा बंद केला.

घड्याळजीच्या घराचा हा खटला त्याला तोंडपाठ होता. शिवणकाम करणारी एक बाई एका म्हाताऱ्या घड्याळजीबरोबर त्याच्या घरात राहत होती. लग्न काही केलं नव्हतं. घड्याळजी गेला आणि कधी फिरकला नव्हता तो मुलगा उगवला. तिला घराबाहेर काढा म्हणून त्याने दावा लावला. लग्न नाही तर घरावर हक्क नाही, असा वरच्या कोर्टाचाच जुना निवाडा होता, आणि तो मोडणं खालच्या कोर्टाच्या हातात नव्हतं. मॅडमना तिच्याविरुद्ध निकाल द्यावा लागला. अपिलाचा फैसला होईपर्यंत तिला हलवू नका, एवढंच त्या म्हणू शकल्या.

पण त्याआधी त्यांनी साक्षी घेतल्या त्या काय! शेजारीण झाली, दवाखान्यातली नर्स झाली, छप्पर शाकारणारा गवंडी झाला. म्हाताऱ्याला भरवत कोण होतं, त्याच्या उशाशी कोण बसत होतं, घराची डागडुजी कुणाच्या कमाईतून झाली, सगळं सविस्तर. मुलाचा वकील हरकती घेऊन घेऊन थकला. लघुलेखकाची बोटं आखडली. न राहवून तो बोललाही होता, "मॅडम, निकाल तर विरुद्धच जाणार. मग ही नसती उठाठेव कशाला?"

"लिहा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

आता वरून आलेली निकालाची प्रत चाळून तो खाली मान घालून त्यांच्या खोलीत शिरला. "मॅडम, नाक कापलं हो आपलं. घड्याळजीच्या घराचा निकाल फिरला."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे ती घरातच राहणार?"

"हो. जुना निवाडाच मोडीत काढलाय त्यांनी. आणि आपल्या साक्षी पानंच्या पानं उतरवून घेतल्यात."

मॅडमचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. तो गडबडला.

"अहो, वरच्या कोर्टात साक्षीदार बोलावत नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण लिहून पाठवलेलं तेवढं ते वाचतात. त्या शेजारणीला, त्या नर्सला वर कोण नेणार होतं? तुमच्या बोटांनी नेलं."

लघुलेखकाने आपल्या बोटांकडे पाहिलं. तो नमस्कार करून बाहेर आला. कारकून अजून तिथेच होता, चेहऱ्यावर खोटी हळहळ घेऊन. लघुलेखकाने चहावाल्याला हाक मारली आणि सगळ्या व्हरांड्याला पुरेल एवढा चहा सांगितला.

"आज काय विशेष?" चहावाल्याने विचारलं.

लघुलेखकाची छाती अभिमानाने फुगली होती. कारकुनापेक्षाही मोठ्या आवाजात तो म्हणाला,

"आमच्या मॅडमचा निकाल फिरला!"