चेहरे चाचपणारा हात

“आई, तू बस. मी दाराशी उभी रायतो.”

आरतीचा हा आवाज वच्छलाबाईंच्या कानात अजून ओला आहे. अकोटहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीत त्या दिवशीही अशीच खच्चून गर्दी होती. गाडीला उशीर झालेला. उतरायच्या घाईत रोज ऑफिसला जाणाऱ्या उत्तमरावानं मागून कोपर हाणलं, आणि झेंडूच्या टोपलीसकट लेक चालत्या गाडीतून खाली गेली. कोपर कोणाचं, ते तिला दिसलं नाही. आईनं पाहिलं.

तेव्हापासून गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला अडली की डब्यात एक गार हात फिरतो. आंधळ्यानं माणूस ओळखावं तसा एकेकाचं नाक, हनुवटी, मिशा चाचपत जातो.

“कोन हात लावून रायलं बे?” कोणी खेकसतं.

“लावू दे ना. उशीर तर तसाई झाला,” दुसरा हसतो.

उत्तमरावाचा चेहराही तो चाचपतो, आणि न ओळखता पुढं जातो.

शेवटी तो वच्छलाबाईंच्या गालावर येऊन विसावतो, गाडी हलेपर्यंत. म्हणून तर वच्छलाबाई लेकीला उत्तमरावाचं नाव सांगत नाहीत. शोध संपला की लेक यायचीही थांबेल.

आज आउटरहून सुटताना गाडीनं हिसका दिला तेव्हा दारात एक पोटुशी पोरगी उभी होती.

“सरक वं, ऑफिस बुडून रायलं मायं,” म्हणत उत्तमरावानं तिच्या पाठीला कोपर लावलं.

वच्छलाबाईंनी गालावरून सुटू पाहणारा हात घट्ट धरला. गर्दीतून वाट काढत त्याला उत्तमरावाच्या तोंडावर नेऊन ठेवलं.

“आरते, हाच थो, माय.”