डावीकडचे खडे

टिक.

खडा स्टीलच्या वाटीत पडला आणि भाकरी थापता थापता प्रीतीचा हात थांबला. ऑपरेशनला महिना झाला होता. तिच्या सासूनं, पुतळाबाईंनी, आज पहिल्यांदाच ज्वारी निवडायला सूप मांडीवर घेतलं होतं.

टिक. टिक. खडे सापडत होते.

“तुझ्या फ्रॉकवरचं फूल बी दिसतंय गं मला,” पुतळाबाई पुढ्यात बसलेल्या पाच वर्षांच्या नातीला म्हणाल्या. हर्षालीनं फ्रॉक ताणून धरला.

प्रीतीला चैन पडेना. डॉक्टरांनी तिला एकटीला दाराशी थांबवून सांगितलं होतं. मोतीबिंदू निघाला, आता आहे ती नजर स्वच्छ होईल. पण काचबिंदूनं डावीकडचं जे नेलंय ते परत येणार नाही. राहिलेलं टिकवायचं तर थेंब जन्मभर. घरी येऊन तिनं फक्त थेंबांचं सांगितलं. कारण ऑपरेशनसाठी मन वळवताना तीच म्हणाली होती, आत्या, सगळं पहिल्यासारखं दिसंल.

तव्यावर भाकरी टाकून ती बाहेर आली. सुपाची उजवी बाजू लख्ख होती. डावीकडं पाच-सहा काळे खडे तसेच. पुतळाबाईंची बोटं त्यांच्या अलीकडूनच माघारी येत होती.

प्रीती त्यांच्या डाव्या हाताला टेकली. बांगड्या वर सारल्या आणि एकेक खडा गुपचूप उचलला.

तेवढ्यात पुतळाबाईंनी सूप तिच्यापुढं सरकवलं. थेंबांनी डोळा झोंबतो, घशात कडू उतरतं, मोती काढल्यावर ते कशाला पायजेत, असं त्यांचं आठवडाभर चाललं होतं.

“बघ नीट. एक जरी खडा निघाला, तर मरंस्तवर थेंब घालीन. न्हाय निघाला, तर आजपासून बंद. परत त्याचं नाव काढायचं न्हाय.”

प्रीतीनं सुपाकडं पाहिलं. सूप स्वच्छ होतं.

“बोल की. हाय का एखादा?”

आत भाकरी करपल्याचा वास सुटला. प्रीती उठली नाही. हर्षाली रांगत जवळ आली आणि आईची बोटं एकेक करून सोडवू लागली.

“मम्मी, तुझ्या मुठीत काय हाय?”