गेट ते पोर्च

"मिस्त्री, बंगल्याला शोभेल असं हवं," म्हणत आमच्या ह्यांनी फरशीचा अकरावा नमुना गेटजवळ ठेवला आणि लांब जाऊन, एक डोळा मिटून न्याहाळला. गेटपासून पोर्चपर्यंत गाडी जायला जेमतेम वीस पावलांची वाट. तिच्यावर अडीच महिने खल चालला होता. लेकीचं लग्न आम्ही दोन बैठकींत ठरवलं होतं.

शिकलगार मिस्त्रींनी पुन्हा सांगून पाहिलं, "साहेब, साधे पेव्हर ब्लॉक टाका. गाडीच जाणार ना वरून?" ते चपला घालून देवघरात शिरल्यासारखं ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी पांढराशुभ्र संगमरवर बसला. त्यावर चपला घालायच्या नाहीत, हा नियमही मागोमाग आला.

दसऱ्याला नवी गाडी आली. मी ओवाळलं. संगमरवराला टवका जायला नको म्हणून नारळ रस्त्यावर फोडला. केवढी ती दूरदृष्टी! मग पोर्चमध्ये चार चाकांखाली चार लिंबं ठेवून ह्यांनी ती थाटात चिरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पुसताना पाहिलं, तर चार ठिकाणी चकाकी उडालेली. मिस्त्री गुडघ्यावर बसले, बोट फिरवून म्हणाले, "लिंबानं दगड खाल्ला, साहेब. हे आता पुसून निघत नाही."

हे दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र मागेपुढे करत त्यांनी चारही चाकं बरोबर चार डागांवर आणली आणि किल्ली कपाटात ठेवली.

गाडीला अजून कुणाची नजर लागलेली नाही. आम्ही रिक्षानं फिरतो.