जाणकाराचं मत

गाद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. एकात लेखकाची ओळख, दुसऱ्यात त्याच्या मित्राची. वर्षभराच्या जाहिराती लिहायला त्यांना माणूस हवा होता.

लेखक खुर्चीच्या टोकाला बसला होता. खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. जरा हललं की करकरायचं. हे काम हातचं गेलं तर सोमवारपासून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवताना त्याला विचारलं नव्हतं, एवढंच. मेहुण्याने गल्ल्यामागची खुर्ची पुसूनही ठेवली होती.

दोघे मित्र मुक्त लेखक. मुक्त म्हणजे बहुतेक वेळ रिकामे. आपणच आपली आरती ओवाळायची दोघांनाही लाज वाटे, म्हणून त्यांनी तोडगा काढला होता: याची ओळख त्याने लिहायची, त्याची याने. मित्र भोळा. त्याने खपून अशी ओळख लिहिली, की वाचताना लेखकाला स्वतःचाच हेवा वाटला. लेखकाने मात्र परतफेड चहा निवेपर्यंत उरकली. ‘कष्टाळू, होतकरू, दिलेले काम वेळेत करतो.’ मैत्री मैत्रीच्या जागी. दोघांचे कागद एकाच टेबलावर जाणार होते. मित्राने आभार मानले आणि अक्षरही न बदलता तो कागद पाठवून दिला.

“हे तुम्हीच लिहिलंत?” बाईंनी लेखकाच्या कागदावर बोट ठेवलं.

“अर्थात, मॅडम. स्वतःबद्दल लिहिणं तसं जिवावर येतं.”

बाईंनी मान डोलावली आणि दुसरा कागद पुढे सरकवला. यातलं आपल्याला फारसं कळत नाही, त्याने जाणकार म्हणून स्पष्ट मत द्यावं, असं त्या म्हणाल्या.

लेखकाने तो कागद पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा सावकाश वाचला. चेहरा जमेल तेवढा दुःखी केला. माणूस म्हणून हा गृहस्थ चांगलाच असेल, असं आधी म्हणून घेतलं. फरशीचं दुकान दूर दूर जाऊ लागलं, तशी त्याची जीभ सैल झाली.

“पण ज्याने हे लिहिलंय, मॅडम, त्याला किराण्याची यादीसुद्धा लिहायला देऊ नये.”

बाई हसल्या नाहीत. टेबलावरचा नमुन्याचा फोम त्यांनी अंगठ्याने दाबला आणि सोडला. तो हळूहळू वर आला.

“तुमचे मित्र काल येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “कोणी कोणाचं लिहिलंय, ते त्यांनी बसताबसताच सांगितलं. काम त्यांना दिलंय. तुम्हालाही सोबत घ्यावं, असा त्यांचा हट्ट होता, म्हणून तुम्हाला बोलावलं. पण आता जाणकाराचा शब्द कसा मोडायचा?”