दुनळीचे दोन बार

चटईवर दोन बंदुका ठेवल्या होत्या. एक रायफल, एक दुनळी. दोन्हींच्या नळ्यांत कळलावीची लाल-पिवळी फुलं खोचलेली. कैलपोळ्द सणाची हत्यारपूजा आटोपली होती, आत डुकराचा रस्सा रटरटत होता, पण उत्तय्याताता कुणाला पानावर बसू देईनात.

"आधी बंदूक निवड, मग जेव," ते नातीला म्हणाले. "माझी नजर गेली आता. घराण्याची म्हणून एकच इथे राहील. दुसरी माचय्या नेईल."

माचय्या म्हणजे तातांचा धाकटा भाऊ. मांजर दुधाकडे बघतं तसा तो रायफलीकडे बघत होता.

देचम्माला सातवा महिना. बाळंतपणाला माहेरी आलेली. कशीबशी खाली टेकली आणि तिने रायफल मांडीवर घेतली. दस्ता अक्रोडाचा, अजून लखलखीत.

"हिनेच तुझ्या खापरपणजोबांनी वाघ पाडला," तातांनी छाती फुगवली.

"अहो ताता, वाघ न पाडलेली रायफल आपल्या कूर्गात आहे तरी कुणाच्या घरी?"

माचय्या खो खो हसला. "तिला नको असेल तर मी काय म्हणतो..."

"तू गप रे!" ताता त्याच्यावर खेकसले.

मग तिने दुनळी उचलली. दस्ता तडकलेला, तारेने आवळलेला. नळ्यांवर मात्र तेलाचा ताजा हात. तिने बोट फिरवून वास घेतला. मोडक्या बंदुकीचे एवढे लाड कशाला?

"ही शेवटची कधी उडाली, ताता?"

"नाही आठवत."

"बरं, माझ्या जन्माला कुठली काढली होती?"

हे तिला लहानपणापासून विचारायचं होतं. कूर्गात मुलगा झाला की बंदुकीचा एक बार काढतात. कुणी गेलं की लागोपाठ दोन, आणि ते ऐकून अख्खा गाव दारात येतो. मुलगी झाली की सगळं चिडीचूप. आता पोटात मुलगी असली तर तिच्या वाट्याला काय, याची देचम्माला धास्ती होती.

"मुलीसाठी बार काढत नाहीत," ताता पुटपुटले.

"अण्णा, आता तरी खरं सांग की!" माचय्याने मांडीवर थाप मारली. "देचू, तू झालीस तेव्हा हा पठ्ठ्या ही दुनळी घेऊन अंगणात पळाला. म्हणे, माझ्या नातीला बार का नाही? आणि आनंदाच्या भरात दोन्ही चाप ओढले!"

"दोन्ही?"

"धाड, धाड! अर्ध्या तासात गाव पांढरे कपडे घालून हजर. बायकांनी फाटकापासूनच गळा काढलेला. आणि दारात हा, बाळाला घेऊन उभा!"

देचम्माला हसू आवरेना. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते तिने पुसलेही नाहीत.

ताता ओशाळून बसले होते. "पोरीच्या जन्माला मरणाचे बार. लोक म्हणाले, अपशकुन केलास. मग मीच सांगितलं, पुसताना उडाली म्हणून. सव्वीस वर्षं पुन्हा काडतूस भरलं नाही. तेल तेवढं लावत आलो."

"हीच ठेवते मी."

माचय्याने रायफल उचललीसुद्धा.

"अगं वेडे," ताता म्हणाले, "वाघाची सोडून ही?"

"मुलगा होवो नाहीतर मुलगी, बार हिचाच निघणार. कुठला चाप ओढायचा ते दाखवा."

ताता जवळ सरकले. चाचपडत त्यांनी तिचं बोट पुढच्या चापावर ठेवलं.

"हा एकच. घाई करायची नाही." मग ते बोट त्यांनी हळूच मागच्या चापावर नेलं. "आणि मी गेलो की दोन्ही. तेव्हा रडण्याच्या नादात एकच ओढू नकोस हं. नाहीतर अख्खा गाव बाळ बघायला यायचा."