खंडेनवमीचे बुटके

नीलांबरीबाईंनी शेवटच्या खोक्याचं सील तोडलं आणि आतल्या रोबोला बखोटीला धरून बाहेर काढलं. आज खंडेनवमी. यजमान जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरात सणवार करायचा नव्हता, पण त्यांनी जन्मभर हत्यारांची पूजा कधी चुकवली नव्हती. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या घरात भाजीच्या सुरीखेरीज हत्यार कसलं? मुलाच्या कपाटात मात्र तलवारी परजलेली अख्खी पलटण होती. जपानी कार्टूनमधले अक्राळविक्राळ लढाऊ रोबो म्हणे. पण या अवतारात सगळे बुटके, अंगापेक्षा डोकं मोठं, पाय रांगत्या बाळाचे. बाईंना हसूच आलं. त्यांनी एकेकाला पाटावर बसवून इवल्या तलवारींना हळदकुंकू लावलं.

चार महिन्यांत एवढीच काय ती करमणूक. गाडी चालवता येत नाही, गाडीवाचून कुठे जाता येत नाही, नातवंडं आपापल्या नादात, आणि शेजारी हात हलवून गॅरेजमध्ये गडप होतात. जीव नुसता कोंडला होता. पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला परतणार होत्या. कार्तिकात यजमानांचं वर्षश्राद्ध, आणि शैलेंद्रने त्याला यावं एवढीच त्यांची इच्छा होती. वडील गेले तेव्हा हा एकुलता एक मुलगा प्रोजेक्टचं कारण सांगून आला नव्हता. अग्नी पुतण्याने दिला. आताही विषय काढला की ‘बघू’ म्हणून उठून जायचा. पोटचा पोर असा दगड कसा निघाला, या विचाराने त्यांना झोप लागत नसे.

मीटिंग संपवून शैलेंद्र वर आला आणि पाट बघून थिजला. वर्षानुवर्षं जमवलेल्या त्या खोक्यांपैकी एकही त्याने उघडला नव्हता; सील तुटलं की त्यांचं मोलच जातं.  तो एक बुटका उचलून खोक्यात कोंबू लागला.

"अरे, खेळणीच ती. ठेवू की परत आत," बाई म्हणाल्या.

"एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही, आई."

चाळिशीचा बाप्या हुंदके देत होता. हे खेळण्यांचं नाही, एवढं बाईंना कळलं. मग सगळं बाहेर आलं. प्रोजेक्ट वगैरे काही नव्हतं. भारतात गेलं की व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागतो. तो अडकला तर नोकरी, घर, पोरांची शाळा, सगळ्यावर पाणी. ग्रीन कार्डाची रांग तर मुंगीच्या पावलाने चाललेली. वडील गेल्याचं कळलं तेव्हा तो बॅग घेऊन विमानतळावर गेला होता. पार्किंगमध्ये बसून रडला आणि घरी आला. कार्तिकातही जमणार नव्हतं.

नीलांबरीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. या घरात आपणच तेवढे अडकलोय, असं त्यांना वाटत आलं होतं.

"माझं तिकीट पुढे ढकल," त्या म्हणाल्या. "श्राद्ध इथेच कर, तुझ्या हाताने. तुझ्या बाबांना यायला आता व्हिसा लागत नाही."