ओढ्यापलीकडचं घर

सत्त्याहत्तर सालच्या पावसाळ्याआधी तलाठी अजीजभाईंनी कयाधूच्या पुरासाठी घरांच्या यादीसकट गावाचा आराखडा लिहिला आणि दवंडीचं काम कोतवाल नरसिंगकडं दिलं. पावसाळ्यात एके दिवशी भरदुपारी नदी चढली, तसा नरसिंग डफडं वाजवत यादीतल्या घराघरापुढं फिरला आणि त्यानं म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट गाव टेकडीवरच्या शाळेत पोचवलं.

"शाब्बास! यादी बराबर जुळली," अजीजभाई म्हणाले.

"साहेब, माझी बायको दिसंना."

अजीजभाईंनी कागद चाळला. ओढ्यापलीकडचं कोतवालाचं एकटं घर यादीत लिहायचंच राहिलं होतं.

नरसिंग ओढ्याकडं धावला. मधी गढूळ पाणी उसळत होतं. पलीकडं छपरावर त्याची बायको सोजरा लेकरू कवटाळून उभी होती.

"आगं, काहून थांबलीस?" तो ओरडला.

 

"दवंडी झाल्याबिगर घर सोडू नका, म्हणून तुमीच सांगितलंत ना!"